जांभळा डाग

मला डाग बघवत नाही. चहाच्या कपातलं तपकिरी वर्तुळ, स्टीलच्या डब्यावर उरलेला लेबलचा गोंद, कुणाच्या चष्म्यावर उमटलेलं बोट, असं काही दिसलं की समोरचा माणूस काय सांगतोय याकडे माझं लक्षच राहत नाही. वर्गात एखादा मुलगा अगदी बरोबर उत्तर देत असतो आणि मी त्याला मध्येच थांबवून विचारते, "बेटा, ये शर्ट पर स्याही कैसे गिरी?" आमच्या ह्यांनी माझा हा स्वभाव सव्वीस वर्षं सोसला आहे. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत, त्यामुळे लाल दिवा दिसला की गप्प उभं राहायचं हे त्यांना नोकरीनेच शिकवलं आहे.

नागपूरहून ह्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा तीन वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. घर जवाहर नगरात, भाजीबाजार राजा पार्कला, आणि नोकरी गोपालपुरा बायपासवरच्या एका कोचिंगमध्ये, असा माझा त्रिकोण पक्का झालाय. मी फिजिक्स शिकवते, आणि त्यातही प्रकाश हा माझा खास प्रांत. आरसे, भिंगं, दुर्बिणी इतक्या बॅचेसना शिकवल्या आहेत की फोनवर बोलताना हातात पेन असलं तर कागदावर आपोआप भिंग उमटतं. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. पुढे मी जे केलं, ते प्रकाशाचा धडा कधी न वाचलेल्या बाईने केलं असतं तर तिला सात खून माफ होते. मला एकही नाही.

रायफल क्लबात मी गेले तीही किल्ली परत करायला. मुलगी शाळेत असताना नेमबाजी करायची. कॉलेजसाठी ती पुण्याला गेली आणि क्लबातल्या तिच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली. एका रविवारी ती द्यायला गेले. शहराच्या कडेला टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची लांबलचक शेड, पुढे पंचवीस मीटरवर चौकटीत लावलेले कागदी निशाणे आणि त्यामागे मातीचा उंच बांध, एवढाच तो क्लब. दारात उस्तादजी बसले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पिळदार पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशात एक खाकी फडकं. त्या फडक्याने त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, मग चहाचा ग्लास पुसला. डावीकडून उजवीकडे एकच सरळ फटका, की काम झालं. मला माणूस तिथेच आवडला.

किल्ली घेऊन ते म्हणाले, "आ ही गई हैं तो पाँच छर्रे चला लीजिए, मैडम जी।"

मी चालवले. कागदाला एकही लागला नाही, बांध मात्र पाचही वेळा अचूक टिपला. पण टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर एअर रायफल टेकवायची, अर्धा श्वास सोडायचा, तिच्यावरच्या दुर्बिणीतून त्या इवल्याशा काळ्या ठिपक्याकडे बघायचं आणि तेवढ्यापुरता सिलॅबस, टेस्ट सिरीज, पालकांचे फोन असं सगळं विसरायचं, याची मला चटक लागली. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मतलब माझं कपाट आता तू वापरणार?" वापरते.

क्लबाच्या भिंतीवर उस्तादजींनी स्वतःच्या हाताने नियम रंगवले होते. पहिला, रायफलची नळी माणसाकडे वळवायची नाही. दुसरा, काचेला कपडा लावायचा नाही. हा दुसरा नियम ते पहिल्याइतकाच पाळून घ्यायचे. कुणी दुर्बिणीवर नुसता रुमाल धरला तरी शेडच्या दुसऱ्या टोकावरून आवाज यायचा, "कांच को कपड़ा नहीं! ब्रश! बस ब्रश!" फौजेत त्यांनी कित्येक रंगरुटांना हेच शिकवलं होतं म्हणे.

दिवाळीनंतरच्या रविवारी क्लबाची वार्षिक स्पर्धा असते. रायफल टेबलावर टेकवून, दुर्बिणीतून नेम धरून पंचवीस छर्रे मारायचे. शेडचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारी चारनंतरच्या शेवटच्या फेरीत सूर्य थेट डोळ्यांसमोर येतो. ही फेरी कुणालाच नको असते. म्हणून यजमान या नात्याने ती उस्तादजी घेतात, आणि गेली चार वर्षं त्यांचा दुसरा नंबर येतोय. पहिला येतो तो राजा पार्कमध्ये दुकान असलेल्या सराफजींचा. गोलमटोल, हसरा माणूस, नवीकोरी परदेशी दुर्बीण, आणि फेरी सकाळची. उस्तादजींची दुर्बीण त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी पलटणीतल्या सोबत्यांनी दिलेली. ती बदलण्याचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मला बाजूला घेतलं. खांदा आता साथ देत नाही, म्हणाले, ही शेवटची स्पर्धा, पुढच्या वर्षीपासून मी फक्त शिट्टी वाजवणार. मग एका जुन्या लोकरी मोज्यातून दुर्बीण काढून माझ्या हातात ठेवली.

"शाम को अंदर सब सफ़ेद हो जाता है। जैसे दूध में से देख रहा हूँ। आप तो रोशनी पढ़ाती हैं, कुछ कीजिए, हुकुम।" हुकुम हे इकडचं आदराचं संबोधन.

"झालंय काय तिला?" असं मी हिंदीत विचारलं.

"कुछ नहीं, धूल-गर्द बैठ गई होगी," मिशीला हात लावत ते म्हणाले.

ती दुर्बीण मी घरी नेली तेव्हा छाती अभिमानाने फुगली होती. इतक्या लोकांत त्यांनी मला निवडलं होतं. चार वर्षं दुसऱ्या नंबरावर थांबलेला माणूस शेवटच्या वेळी पहिला यावा असं साऱ्या क्लबाला वाटत होतं, आणि ते आता माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि आमच्याकडे देव घासायचा दिवस. आम्ही चांदीचे देव रांगोळीने घासतो. पांढरी, मऊ, दगडाची रांगोळी. ती इथे मनासारखी मिळत नाही, म्हणून दरवर्षी मी नागपूरहून डबाभर घेऊन येते. बोटाच्या टोकावर चिमूटभर घ्यायची, लिंबाचा थेंब टाकायचा आणि गोल गोल घासत जायचं. बाळकृष्ण झाला, अन्नपूर्णा झाली, समया झाल्या. माझा हात अगदी रंगात आला होता. मग शेजारी ठेवलेली दुर्बीण उचलून पुढचं भिंग उजेडात धरलं. वरची धूळ ब्रशने झटकली. तर खाली काचभर जांभळा डाग!

तेलाचा असावा. किंवा कधीतरी रायफलचं वंगण उडून पसरलं असावं. मी पदराने पुसलं, जाईना. ओल्या फडक्याने पुसलं, जाईना. भिंतीवरचा नियम आठवला नाही असं नाही. पण तो नियम धुळीसाठी असणार, डागासाठी कसा असेल, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं. बोटावर रांगोळी घेतली, लिंबाचा थेंब टाकला आणि गोल गोल सुरुवात केली. डाग चिवट होता. मीही चिवट. अर्धा तास लागला, पण गेला. कडेला नखाएवढी जांभळी कोर राहिली, तीसुद्धा तिथे बोट पोचत नव्हतं म्हणून. काच कशी स्वच्छ, पाण्यासारखी दिसायला लागली. मी ती कौतुकाने ह्यांना दाखवली. ते म्हणाले, "तू म्हणजे ना, रेल्वेच्या साऱ्या लायनीवरचे सिग्नल घासून काढशील." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

त्यानंतर दोन दिवसांनी वर्गात तरंग-प्रकाशाचा धडा होता. पातळ थरातलं व्यतिकरण. मी दरवर्षीसारखी तयारीशिवाय उभी राहिले, कारण हे मला झोपेतही येतं. काचेवर प्रकाश पडला की बराचसा आत जातो, पण थोडा उलटून परत येतो, आणि हा परतलेला प्रकाशच दुर्बिणीत इकडेतिकडे फिरून चित्र फिकट करतो. म्हणून चांगल्या भिंगावर एक अतिशय पातळ थर चढवलेला असतो. थराच्या वरून परतणारी लाट आणि खालून परतणारी लाट एकमेकींना खोडून टाकतात. हिरव्या-पिवळ्याचं खोडणं झकास जमतं, जांभळ्याचं तेवढं जमत नाही. मी फळ्याकडे तोंड करून मोठ्या झोकात म्हणाले, "इसीलिए अच्छे लेंस पर आपको हमेशा एक जामुनी-सी झलक..."

आणि खडू थांबला.

पहिल्या बाकावर सीकरहून आलेली दोन वेण्यांची एक मुलगी बसायची. तिला प्रत्येक गोष्ट मुळापर्यंत विचारायची सवय. ती उभी राहिली. "मैम, अगर वो कोटिंग घिस जाए तो?"

ऐंशी मुलं वह्या उघडून उत्तराची वाट बघत होती. मी फळ्याकडे तोंड केलेलंच बरं असं ठरवून तिथूनच म्हणाले, "तो बहुत बुरा होगा।" तिने ते लिहून घेतलं. उरलेला तास मी काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

घरी आल्या आल्या चपलासुद्धा न काढता दुर्बीण उचलली आणि खिडकीशी धरली. आता दिसायला लागलं. थर तर गेला होताच, पण काचेवर सगळीकडे बारीक बारीक ओरखडे होते. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड. थर गेल्याने बिघडलं ते थोडं, खरा घात ओरखड्यांनी केला होता. समोरून ऊन आलं की प्रत्येक ओरखडा उजळणार आणि आतलं चित्र पार धुऊन निघणार. म्हणजे मला दूध कमी करायला दिलं होतं आणि मी त्यात आणखी दोन लिटर ओतून ठेवलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि खरंच रडले. वस्तू मोडल्याचं दुःख एक. पण ज्याच्या सोबत्यांनी ती दिली होती, त्याने ती विश्वासाने माझ्या हातात ठेवली होती, आणि मी ती देवासारखी घासून ठेवली.

हे ऑफिसातून आले तर मी तशीच बसलेली.

"काय झालं? काहून रडून राहिली?"

"अहो, मी वाट लावून बसली. तो डाग नव्हता. तो थर होता."

सगळं ऐकून घेतल्यावर आधी त्यांनी माझी समजूत काढावी ही माझी अपेक्षा. ते हसले. हसता हसता सोफ्यावर आडवे झाले. "पंधरा वर्षं पोरांना जे शिकवलं, तेच रांगोळीनं घासून टाकलं? बाप्पा!" मी इतकी चिडले की रडणं आपोआप थांबलं. मग डोळे पुसून ते म्हणाले, "ऐक. आमच्या सिग्नललाही हाच रोग असतो. ऊन समोरून काचेत शिरलं की बंद दिवा चालू दिसते. ड्रायव्हरनं काय समजावं? म्हणून आम्ही प्रत्येक दिव्यावर छज्जा लावतो. काच बदलत नाही, ऊन अडवतो. ओरखडे आहेत ना? राहू दे. ऊन त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही तर ते चमकतील कशानं?"

सव्वीस वर्षं या माणसाच्या तोंडून सिग्नलच्या गोष्टी ऐकताना मी जांभया दिल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा वही घेऊन बसले.

नळासाठी आणलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा माळ्यावर होता. भिंगाच्या रुंदीच्या तिप्पट लांबीचा तुकडा ह्यांनी करवतीने कापला, घट्ट बसावा म्हणून आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मी आतून काळा ऑइलपेंट दिला. वाळल्यावर डोळ्याला लावून बघितलं तर आतली भिंत ओल्या रस्त्यासारखी चमकत होती. तिरपा प्रकाश आला की गुळगुळीत काळाही आरसाच होतो, हेही मीच शिकवते. मग पाटीचा काळा रंग दिला, तो बरा, पण पुरेसा नाही. शेवटी नजर गेली कपाटातल्या दागिन्याच्या डबीवर. गळ्यातल्या सेटची मोठी चौकोनी डबी, आत काळीभोर मखमल. मखमलीच्या लवेत शिरलेला प्रकाश सहजी बाहेर पडत नाही. सेट रुमालात गुंडाळून ठेवला, मखमल ब्लेडने सोडवली आणि पाइपच्या आत चिकटवली.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. दुर्बीण कठड्यावर टेकवून मी पश्चिमेकडच्या घराच्या टाकीवर लावली, सूर्यापासून बऱ्यापैकी बाजूला. छज्जा नसताना टाकीच्या जागी नुसतं पांढरं धुकं. छज्जा चढवला आणि टाकी काळी झाली. तिच्यावरची अक्षरं दिसली, टाकीच्या काठावर बसलेलं कबूतर दिसलं, कबुतराचा पाय दिसला! मी ओरडलेच. तेवढ्यात त्या गच्चीवर कपडे काढायला आलेल्या शेजारणीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "भाभीजी, हमारी छत पर क्या देख रही हैं?"

"कबूतर!" मी म्हणाले. तिने वाळत घातलेले सगळे कपडे भराभर गोळा केले आणि ती आत गेली. दोन दिवस ती बोलली नाही.

गुरुवारी दुर्बीण उस्तादजींना नेऊन दिली. जाताना रिक्षात सगळं वाक्य जुळवलं होतं. "उस्तादजी, मुझसे एक ग़लती हो गई।" त्यांनी दुर्बीण रायफलवर चढवली, छज्जा लावला, चार वाजून गेलेले असताना थेट उन्हाच्या दिशेला निशाणा बघितला आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग मान वर करून म्हणाले, "मैडम जी, साफ़! पानी जैसा साफ़! मैंने कहा था ना, गर्द थी।" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की जुळवलेलं वाक्य मी तसंच परत नेलं. स्पर्धेनंतर सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी शेवटची फेरी सुरू व्हायच्या आधी सराफजींनी छज्जा बघितला. ते सकाळीच आपली फेरी मारून, बऱ्याच गुणांवर बसून, कचोरी खात होते. क्लबाच्या वहीत एक जुना, सगळ्यांना विसर पडलेला नियम होता की दुर्बिणीला बाहेरचं काही जोडायचं नाही. सराफजींनी भांडण असं केलं नाही, हसत हसतच म्हणाले, "उस्तादजी, ये नली तो नियम में नहीं है।"

उस्तादजी नियमाचा माणूस. त्यांनी तत्काळ छज्जा उपसून टेबलावर ठेवला. "सही बात है। ज़रूरत भी नहीं। मैडम जी ने कांच ही ऐसी साफ़ की है।" आणि खुर्चीत बसून रायफल खांद्याला लावायला लागले.

समोर ऊन धो धो कोसळत होतं. त्या भिंगातून त्यांना पांढऱ्याशिवाय काहीही दिसणार नाही हे तिथे फक्त मला आणि ह्यांना माहीत होतं. हे कुंपणापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. लाल दिवा असेल तर माणूस थांबतो. पण त्यांनी मान अशी हलवली की हा हिरवाच.

"उस्तादजी, रुकिए।" मी उभी राहिले आणि साऱ्या क्लबासमोर सगळं सांगून टाकलं. जांभळा डाग, रांगोळी, लिंबू, गोल गोल अर्धा तास. हेही सांगितलं की मी जे घासलं तेच मी शिकवते. छज्जा फायद्यासाठी नाही, माझ्या चुकीवरची पट्टी आहे, ती काढली तर सजा त्यांना होईल. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

उस्तादजी रायफलवरचा हात न काढता निशाण्याकडे बघत होते. त्यांची मिशी किंचित हलली.

सराफजी उठले, कचोरीचे हात रुमालाला पुसले आणि टेबलावरचा छज्जा उचलून त्यात डोकावले. मग बोट आत घालून मखमल चाचपली. आणि त्यांचा सगळा देह हलायला लागला.

"ये तो हमारी डिब्बी की मखमल है! पूरे बाज़ार में लाल लगाते हैं, काली सिर्फ़ हम!"

खरंच, तो सेट मी त्यांच्याच दुकानातून घेतला होता. मला हे तोवर सुचलंही नव्हतं.

"अपनी ही दुकान के माल पर मैं ऐतराज़ करूँ?" त्यांनी स्वतःच्या हाताने छज्जा दुर्बिणीवर चढवला. "चलाइए, उस्तादजी। और मैडम जी, एक हमारे लिए भी बना दीजिएगा। मखमल हमारी।"

उस्तादजींनी पंचवीस छर्रे मारले. एकेक मारल्यावर ते दुर्बिणीतून भोक बघत आणि हलकेच मान डोलवत. निकाल लागला तेव्हा ते एका गुणाने दुसरे आले. सलग पाचव्यांदा. ते मिशीला पीळ देत उठले. "चार साल तो पता ही नहीं चला किससे हारा। इस बार दिखा तो सही कि छर्रा कहाँ गया।" आणि सराफजींच्या पाठीवर थाप मारून त्यांच्यासाठी चहा मागवला. मला काहीच बोलले नाहीत. ना राग, ना माफी. आठवडे गेले, ते नेहमीसारखे मला खुर्ची पुसून देत होते, आणि मला त्या खुर्चीत नीट बसवत नव्हतं.

जानेवारीत वर्गात तरंग-प्रकाशाचं रिव्हिजन आलं. मी ठरवलं की यंदा हा धडा खऱ्या वस्तूवर शिकवायचा. माझी चूक मुलांनी डोळ्यांनी बघावी. उस्तादजींकडे दुर्बीण मागितली तर म्हणाले, "ले जाइए। पर मैं भी चलूँगा। अकेली नहीं जाएगी।" दुर्बीण म्हणजे.

तर एका दुपारी गोपालपुऱ्याच्या त्या वर्गात, पाठीवर सॅक लावलेल्या ऐंशी पोरांच्या मागे, शेवटच्या बाकावर सुभेदार साहेब कडक इस्त्रीत ताठ बसले. मी थर शिकवला, जांभळी झाक शिकवली आणि मग सगळी गोष्ट सांगितली, रांगोळीपासून छज्ज्यापर्यंत. कडेला उरलेली जांभळी कोर दाखवली. इथे थर आहे, इथे नाही, आणि हे ओरखडे, हे सगळे मीच काढले, असं सांगितलं. मुलं भयंकर खूश झाली. मास्तरणीची चूक हा मुलांचा सगळ्यात आवडता विषय. दुर्बीण हातोहात फिरवायला दिली, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने ती बराच वेळ सोडली नाही. टॉर्च इकडून धरला, तिकडून धरला. मग उभी राहिली.

"मैम, आपने तो गोल-गोल घिसा था ना?"

"हाँ।"

"तो गोल वाली लाइनें ठीक हैं। पर उनके नीचे सीधी लाइनें भी हैं। बहुत सारी। सब एक ही तरफ़, बाएँ से दाएँ। वो ज़्यादा गहरी हैं। वो किसने कीं?"

मी तिच्या हातातून दुर्बीण घेतली. इतके दिवस मी त्या काचेत फक्त माझेच गोल बघत आले होते. टॉर्च तिरपा धरला. गोलांच्या खाली, वर्षानुवर्षांच्या, एकाच हाताच्या, एकाच दिशेच्या सरळ रेघा. मी मान वर करून शेवटच्या बाकाकडे बघितलं.

उस्तादजी सावधानमध्ये उभे होते. खिशातलं खाकी फडकं त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"सीधी वाली मेरी हैं, बेटा," ते साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याकडे बघून, आवाज जरा खाली आणून, "उस दिन सबके सामने आप खड़ी हो गईं, मैडम जी। मुझसे नहीं हुआ।"

त्या मुलीने वहीत भिंगाचं एक मोठं गोल काढलं, त्यात दोन तऱ्हेच्या रेघा काढल्या आणि बाण करून नावं लिहिली. गोल, मैम. सीधी, फौजी अंकल. उस्तादजी बाकांमधून पुढे आले, वहीत वाकून ते नीट वाचलं आणि म्हणाले, "बिल्कुल सही है।"